भिंतीची साक्ष

ऑग्यूस्त साल्झमान हा मूळचा फ्रेंच चित्रकार. १८५४ साली यरुशलेममध्ये त्याने कॅमेरा उभा केला, तो देखावे टिपायला नव्हे, साक्ष नोंदवायला. मंदिराच्या आवाराच्या तटातील मोठाले चिरे प्रत्यक्ष सॉलोमन राजाच्या वेळचे आहेत, असे द सोल्सी या त्याच्या देशबांधवाने मांडले होते आणि विद्वानांनी त्यावर कडाडून आक्षेप घेतले होते. हाताने काढलेल्या चित्रावर शंका घेता येते. उन्हाने उमटवलेल्या चित्रावर कोण घेणार?

१८५६ मध्ये ही छायाचित्रे ग्रंथरूपाने निघाली. त्यांच्या प्रती प्रथम पाहिल्या तेव्हा माझी निराशाच झाली, हे कबूल करतो. कित्येक पाने म्हणजे नुसती भिंत! ना यात्रेकरू, ना बाजार. एका चित्रात तर तो भिंतीच्या इतका जवळ गेला आहे, की आकाशाला जागाच उरलेली नाही. पण डोळा स्थिरावला, की चिऱ्याच्या कडेने पाथरवटाने राखलेली सपाट पट्टी दिसू लागते. काचेऐवजी कागदावर घेतलेली ही चित्रे. त्या कागदाचा खरखरीतपणा दगडाला फारच मानवला आहे. माझ्या वर्गात एक चित्र फिरवले, तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "गुरुजी, सांध्यांत चुना कुठंय?" खरेच नाही. ते चिरे नुसते एकमेकांवर बसवलेले आहेत.

साक्षीदार खोटे बोलला नाही, पण दावा मात्र फसला. ते चिरे हेरोद राजाच्या काळचे, म्हणजे सॉलोमननंतर सुमारे नऊशे वर्षांचे, असे आज अभ्यासक मानतात. आपण हसू नये. जुने देऊळ दिसले, की ते पांडवांनी एका रात्रीत बांधले असे आपणही म्हणतोच.

काही रसिक म्हणतात, सॉलोमनला विसरा, नुसता छायाप्रकाश पाहा. मला हे पटत नाही. त्याच तटाच्या पश्चिम अंगाला कपाळ टेकून माणसे पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थना करीत आली आहेत. त्या भिंतीचा नुसता आकार कसा उरेल? आणि साल्झमानचा सॉलोमनवर विश्वास नसता, तर तोही इतरांसारखा समोरच्या टेकडीवर उभा राहून, सगळे शहर एका चौकटीत घेऊन परतला असता.