चाकांवरचें घर आणि तीन ग्रंथ

प्रवासवर्णनाचें परीक्षण करतांना लेखकानें काय पाहिलें हें आपण विचारतों. तो कशांत बसून निघाला हें क्वचितच विचारतों. बैलगाडी, आगगाडी किंवा आगबोट हीं सारीं आपल्या दृष्टीनें केवळ साधनें. परंतु अमेरिकन वाङ्मयांत गेल्या साठ-पासष्ट वर्षांत असा एक ग्रंथवर्ग निर्माण झाला आहे कीं, त्यांत वाहन हेंच अर्धें कथानक असतें. मालवाहू व्हॅन किंवा तसलीच एखादी गाडी घ्यावी, तिच्या पोटांत फळ्या ठोकून बिछाना करावा, चूल, पाणी व कपड्यांची सोय लावावी, आणि घरच चाकांवर घालून निघावें, असा तो परिपाठ. ह्या ग्रंथांची स्तुति बहुधा ‘स्वातंत्र्य’ ह्या एकाच शब्दानें केली जाते. तो शब्द कितपत खरा आहे हें पाहण्यास एक साधी कसोटी पुरेशी आहे: गाडींतलें घर कोणाच्या हातांनीं घडलें, आणि तें घडत असतां त्याच्या पाठीमागें दुसरें घर उभें होतें कीं नव्हतें? ह्या कसोटीवर तीन प्रसिद्ध ग्रंथ घांसून पाहण्याचें येथें योजिलें आहे.

पहिला ग्रंथ जॉन स्टाइनबेक ह्यांचा ‘ट्रॅव्हल्स वुइथ चार्ली’. १९६० सालीं, वयाच्या ५८ व्या वर्षीं, आपला देश पुन्हा एकदां डोळ्यांखालून घालावा म्हणून ते निघाले. १९६२ सालीं ग्रंथ प्रसिद्ध झाला व त्याच वर्षीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांचें फिरतें घर मात्र त्यांनीं स्वतः घडविलेलें नव्हतें. एका मोठ्या मोटार-कंपनीला पत्र लिहून आपणांस काय हवें तें त्यांनीं कळविलें, आणि बिछाना, शेगडी, फ्रिज, शौचाची सोय अशा सर्व साहित्यानें सज्ज अशी, लहान नौकेंतल्या खोलीसारखी कोठी पाठीवर घेतलेली गाडी त्यांच्या दाराशीं आली. डॉन क्विक्झोटच्या घोड्याचें ‘रोसिनांते’ हें नांव तिला देऊन त्यांनीं स्वतःचीच गोड थट्टा केली, आणि वाचावयाचीं राहून गेलेलीं सुमारें १५० पौंड पुस्तकें तींत भरलीं. ह्या ग्रंथांतील कांहीं मुक्काम व संभाषणें खरोखर घडलीं कीं नाहीं, ह्याविषयीं पुढें बऱ्याच वर्षांनीं शंका निघाल्या. त्या वादांत मी शिरत नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, ज्याच्या गाडींत सर्व कांहीं आहे त्याला दुसऱ्याच्या दारीं जाण्याची गरज पडत नाहीं. तो पाहुण्यांना आपल्याकडे बोलावतो. ग्रंथ वाचनीय आहे, परंतु त्यांत यजमानाचा आवाज सतत ऐकूं येतो.

दुसरा ग्रंथ विल्यम लीस्ट हीट-मून ह्यांचा ‘ब्लू हायवेज’. हे गृहस्थ महाविद्यालयांत इंग्रजी शिकवीत. १९७८ च्या आरंभीं विद्यार्थी घटल्यामुळें त्यांची नोकरी गेली. पत्नीशीं आधींच ताटातूट झालेली होती. मी स्वतः इंग्रजीचा अध्यापक असल्यामुळें हा आरंभ माझ्या मनाला जरा अधिकच लागला, हें कबूल केलें पाहिजे. ह्या अध्यापकानें आपली १९७५ सालची फोर्ड इकॉनोलाइन व्हॅन, म्हणजे पत्र्याचा नुसता पोकळ सांगाडा, स्वतःच्या हातांनीं राहण्याजोगी केली. ६ फूट रुंद व १० फूट लांब अशा जागेंत शयनगृह, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि बैठक हीं सर्व बसविलीं. मागचे दोन टायर झिजलेले, पाण्याचा पंप खडखडणारा. पाकिटांत २६ डॉलर, आणि शिलकेपैकीं उरलेले ४२८ डॉलर समोरच्या फळीखालीं लपविलेले. सामानांत थंड पेटी, प्लास्टिकचें घमेलें, एक स्टोव्ह, हत्यारांची पेटी, वह्या, दोन कॅमेरे आणि सोबतीला दोनच पुस्तकें: एक व्हिटमनचें व दुसरें ब्लॅक एल्क ह्या आदिवासी साधुपुरुषाचें आत्मकथन. १५० पौंडांच्या शेजारीं हीं दोन पुस्तकें ठेवून पाहिलीं म्हणजे दोन ग्रंथांच्या प्रकृतींतला भेद निराळा सांगावा लागत नाहीं.

ह्या घराचा अपुरेपणा हाच ग्रंथाचा लाभ होय. गाडींतला स्वयंपाक जेमतेम. म्हणून लेखक गांवोगांवच्या लहान खाणावळींत शिरतो. भिंतीवर कॅलेंडरें जितकीं अधिक तितकी खाणावळ चांगली, हा त्याचा गमतीचा नियम वाचकाच्या कायम लक्षांत राहतो. जुन्या नकाशांत मुख्य रस्ते तांबड्या व आडरस्ते निळ्या रंगानें दाखवीत. त्या निळ्या रस्त्यांनीं तो सुमारें १३,००० मैल हिंडला, आणि टेनेसींतील ‘नेमलेस’, म्हणजे ‘बिननांवाचें’, ह्या नांवाच्या खेड्यालाही केवळ नांवासाठीं गेला. तेथील दुकानदाराच्या घरचें आतिथ्य हा ग्रंथांतील अत्यंत रम्य भाग आहे. दोष दाखवावयाचा तर हा कीं, गाडी घडविण्याचें काम लेखक दोन-चार वाक्यांत आटोपतो. फळी कोठें चुकली, खिळा कोठें वांकला, पुस्तकी हातांना करवत कशी साधली, हें कळतें तर नोकरी गेलेला मनुष्य पुन्हा उभा कसा राहतो हेंही कळलें असतें.

तिसरा ग्रंथ जेसिका ब्रूडर ह्यांचा ‘नोमॅडलँड’ (२०१७). येथें आपली कसोटी खरी कामास येते. २००८ च्या आर्थिक कोसळणीनंतर ज्यांना घरभाडें परवडेना अशीं उतारवयांतलीं माणसें व्हॅनमध्यें किंवा गाडीमागें ओढावयाच्या पेटीवजा खोलींत राहूं लागलीं. लिंडा मे ह्या ६४ वर्षांच्या बाईंची अशी खोली ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत अवघी १० फूट आहे. हीं माणसें छतावर सौर पत्रे बसवितात, बादलीचें शौचपात्र करतात, खिडक्या आंतून झांकतात. ॲरिझोनांतील क्वार्ट्झसाइट येथें हिवाळ्यांत त्यांचा मेळा भरतो. शहरांत गाडी उभी करून आंत कोणी निजलें आहे हें कळूं कसें द्यावयाचें नाहीं, ह्याचे तेथें पाठ दिले जातात. हीट-मूनचें घर जग पाहण्यासाठीं होतें. ह्यांचें घर जगाच्या दृष्टीस पडूं नये म्हणून आहे. सुतारकाम तेंच, फळ्याही त्याच. अर्थ मात्र पार उलटला आहे.

मराठी वाचकाला हा अर्थ समजावून सांगावा लागूं नये. लक्ष्मण माने ह्यांच्या ‘उपरा’ (१९८०) मध्यें कैकाडी कुटुंबाचें बिऱ्हाड गाढवाच्या पाठीवर चालतें. त्या भटकण्याला स्वातंत्र्य म्हणण्याचें धाष्टर्य कोणी करणार नाहीं. तेथें भटकणें जन्मानें माथीं आलें, येथें म्हातारपणीं बाजारानें माथीं मारलें, एवढाच फरक.

ब्रूडरबाईंनीं तीन वर्षें ह्या लोकांचा माग घेतला. स्वतः एक जुनी व्हॅन घेऊन तींतही राहिल्या. त्यांची दृष्टि प्रामाणिक आहे. तरी पूर्वार्धांत त्या ह्या माणसांच्या युक्तींवर इतक्या लुब्ध होतात कीं, साठी उलटलेल्या बाईला इतकें युक्तिबाज व्हावें लागलेंच कां, हा प्रश्न वाचक क्षणभर विसरतो. ॲमेझॉनच्या कोठारांतील हंगामी मजुरीचें वर्णन आलें म्हणजे मात्र भूल उतरते. तेथें भिंतींवर वेदनाशामक गोळ्या फुकट देणारीं यंत्रें लाविलेलीं आहेत. एवढा एक तपशील अनेक पृष्ठांच्या विवेचनाचें काम करतो. क्लोई झाओ ह्यांनीं २०२० सालीं केलेल्या चित्रपटांत नेमका हाच कांटा बोथट झाला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें ऑस्कर त्याला मिळालें, आणि त्यांतील संध्याकाळीं सुंदर आहेत. परंतु सौंदर्यानें गरजेवर घातलेलें हें पांघरूण मला तरी रुचलें नाहीं.

आपल्या हातांनीं आपला निवारा घडवावा ह्यासारखें समाधान नाहीं, असें ‘ब्लू हायवेज’ प्रथम वाचलें तेव्हां मला वाटलें होतें. तें मत मी टाकीत नाहीं; पण ‘नोमॅडलँड’नें त्याला एक अट जोडली आहे. वाटेल तेव्हां थांबतां येत असेल तरच चालणें हें स्वातंत्र्य. वाङ्मयगुणांत हीट-मूनचा ग्रंथ सरस आहे; परंतु ब्रूडरबाईंचा वाचल्यावांचून तो पुरता कळत नाहीं. लिंडा मे ह्यांची इच्छा काय होती? ॲरिझोनांत डग्लसजवळ त्यांनीं पांच एकर ओसाड जमीन घेतली, ती पक्कें घर बांधण्यासाठीं. आणि त्या घराच्या भिंती कशाच्या? मोटारींच्या टाकून दिलेल्या टायरांत माती ठांसून रचलेल्या. ज्या बाईनें चाकांवर घर केलें, तिला अखेर चाकांचेंच घर हवें होतें. मात्र न फिरणाऱ्या चाकांचें.