वामनदादांची साठ मिनिटे

गाण्याबद्दल बोलण्याचा माझा अधिकार विचाराल, तर तो एवढाच की मी बी. कॉम. आहे आणि गेली बावीस वर्षे बीड जिल्ह्यातल्या एका बँकेच्या शाखेत लोकांचे हिशेब जुळवतो आहे. ज्याचे येणे बाकी आहे आणि ज्याला ते मिळालेले नाही, असा माणूस मला लांबूनच ओळखू येतो. म्हणूनच वामनदादा कर्डक या खात्याकडे माझे लक्ष गेले. जमा भरपूर, पण पासबुकावर नाव भलत्याचेच!

हा मनुष्य १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यात, देशवंडी या गावी जन्मला. म्हणजे त्याच्या वाढदिवसाला देशातली प्रत्येक बँक बंद असते, पण सुट्टी उपभोगणाऱ्या एकाही कर्मचाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. लहानपणी शाळा नाही. मुंबईला जाऊन काबाडकष्ट केले आणि मोठेपणी, मिसरूड फुटल्यावर, चाळीतल्या एका मास्तरांकडून अक्षरे गिरवली. आपल्यापैकी बहुतेकांनी चौथ्या वर्षी ‘ग म भ न’ गिरवून पुढे काय दिवे लावले ते आपल्याला ठाऊकच आहे. या गृहस्थाने उशिरा सुरुवात करून हजारोंनी गाणी लिहिली, त्यांना चाली लावल्या आणि गावोगाव स्वतः गाऊन दाखवली. लिहिणारा, चाल लावणारा आणि गाणारा असा तिघांचा पगार एकाच्या नावे! १५ मे २००४ रोजी दादा गेले. पण भावगीतांचा आढावा घेणाऱ्या जाडजूड लेखांत त्यांना शोधायचे म्हणजे लेजरमध्ये हरवलेले साडेतीन रुपये शोधण्यासारखे आहे.

तेव्हा मी ठरवले, दादांच्या गाण्यांची एक कॅसेट भरायची. कॅसेट! आमच्या कन्येने कपाळाला हात लावला. ‘‘बाबा, पेन ड्राइव्ह घे ना. हजार गाणी मावतील.’’ तेच तर दुखणे आहे. हजार गाणी मावली की निवडायचे कारण उरत नाही, आणि निवडायचे नसेल तर डोके वापरावे लागत नाही. साठ मिनिटांच्या कॅसेटला तीस मिनिटांच्या दोन बाजू. एक गाणे आत घ्यायचे तर दुसरे बाहेर काढावे लागते, आणि का काढले ते स्वतःला सांगावे लागते. माझ्या मते समीक्षा म्हणतात ती हीच. बाकीची प्रस्तावना.

पहिला सल्ला एका सुशिक्षित स्नेह्यांनी दिला. ‘‘दादांची ती बाबासाहेबांची गाणी जरा बाजूला ठेवा. बाकीची घ्या. म्हणजे सगळ्यांना चालेल.’’ हा ‘सगळ्यांना’ शब्द मोठा गमतीचा आहे. त्यात नेमके कोण नसते, ते बोलणाऱ्यालाही ठाऊक असते. मी म्हटले, विठ्ठल बाजूला ठेवून तुकोबांची कॅसेट भरून दाखवा, मग बघू. गृहस्थ चहा अर्धा ठेवून उठले.

अर्थात भीमगीतांखेरीज दादांकडे काही नाही असे समजणाऱ्यांचाही हिशेब चुकतो. या माणसाने ‘सांगत्ये ऐका’सारख्या तमाशापटासाठीही लिहिले. उद्योगपतींची नावे एकामागून एक घेऊन देशाच्या संपत्तीत आमचा वाटा कुठे, असे रोखठोक विचारणारे त्यांचे एक गाणे आहे. त्यात टाटा, बाटा आणि वाटा यांचे यमक असे बसले आहे, की अर्थशास्त्राचा आख्खा पेपर दोन ओळींत सुटावा. आम्हाला कॉलेजात राष्ट्रीय उत्पन्नाचे वाटप शिकवायला तीन महिने लागले होते आणि तरी कोणाला कळले नव्हते. दुसरे एक गाणे आहे पाण्याचे. मागणाऱ्याच्या हातात एवढेसे मडके, आणि मागणे तेवढ्यापुरतेच. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला आणि त्यानंतरचे टँकर ज्यांनी मोजले, त्या आमच्या जिल्ह्याला हे गाणे फक्त तहानेचे वाटेल. पण नीट ऐका. विहिरीत पाणी आहे. ते वाढणारा हात वर आहे, इतकेच. दुष्काळ आभाळाने पाडलेला नाही, माणसाने पाडला आहे. ‘ए’ बाजूच्या मध्यावर, ऐकणारा जरा सैलावलेला असताना, हे गाणे मी ठेवले.

आता चालींचा आक्षेप. ‘‘या लोकांच्या चाली सिनेमाच्या असतात हो,’’ असे नाक मुरडून म्हणणारे एक नाट्यसंगीतप्रेमी आमच्या कॉलनीत आहेत. जलशांच्या परंपरेत लोकप्रिय चालीवर नवे शब्द बसवण्याची रीत आहे, हे खरे. पण १९११ च्या ‘मानापमान’मध्ये गोविंदराव टेंब्यांनी ठुमरी-दादऱ्याच्या चालींवर पदे बसवली, ती आपण डोळे मिटून ऐकतो. तिकडून घेतली की ‘चीज’ आणि इकडून घेतली की ‘चोरी’, हा कुठल्या बँकेचा नियम? शिवाय त्यात व्यवहार आहे. समोर हजार माणसे दिवसभर राबून आलेली. चाल ओळखीची असली की ती शिकण्यात वेळ जात नाही, सगळे लक्ष शब्दांकडे जाते. आणि दादांना शब्दच पोचवायचे होते.

माझ्या मते त्यांची खरी करामत शेवटच्या कडव्यात आहे. तिथे बहुधा ‘वामन’ हे नाव येतेच. गझलवाले याला तखल्लुस म्हणतात. पण आपल्याला उर्दूपर्यंत जायची गरज नाही. शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई सातशे वर्षांपूर्वी हेच करत होती. दादांच्या एका संग्रहाचे नावच ‘हे गीत वामनाचे’ (१९७७). मला तर यात धोरण दिसते. गाणे तोंडोतोंडी जाणार, शंभर गायक गाणार, कॅसेटच्या वेष्टनावर गाणाऱ्याचा फोटो येणार आणि लिहिणाऱ्याचे नाव गळणार. मग करावे काय? नाव वृत्तातच विणून टाकायचे. ते उसवायला जाल तर ओळच फाटेल! आमच्याकडे याला सही म्हणतात.

‘बी’ बाजू भरून झाल्यावर ती आमच्या शाखेतल्या शिपाईमामांना ऐकवली. त्यांना दादांची गाणी पाठ आहेत. मला शोधून काढावी लागली. मामांनी पूर्ण अर्धा तास ऐकले आणि म्हणाले, ‘‘सायेब, निवड चांगली हाय. पर हे खुर्चीत बसून ऐकायचं गाणं न्हाई. हे उभं ऱ्हाऊन म्हनायचं असतंय.’’

याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि असावे असेही वाटत नाही. कॅसेट म्हणजे शेवटी पावसाचे पाणी बाटलीत भरणे. पण आमच्या आळीत १४ एप्रिलला कर्णा लागला की खिडक्या लागतात. कर्ण्याचा आवाज नको म्हणून गाणेही बाहेर राहते. त्या खिडक्यांच्या आत जायला बाटलीच बरी. बेताच्या आवाजात, जेवणानंतर, पान लावता लावता कोणी ऐकले, तर पुढच्या एप्रिलला एखादी खिडकी किलकिली राहील.

तीन प्रती काढल्या आहेत. एक नाट्यसंगीतप्रेमींना दिली, एक अर्धा चहा ठेवून गेलेल्या स्नेह्यांना. तिसरी मामांनी मागून घेतली; म्हणाले, चुका काढायला. ‘बी’ बाजूला शेवटी दोन मिनिटे फीत कोरी राहिली. तेवढ्यात बसेल असे गाणे सापडले नाही, आणि दादांचे गाणे सहीच्या आधी कापणे आमच्या शिस्तीत बसत नाही.