कोरडी आमटी

मराठवाड्यात आमटी उन्हाळ्यातच करून ठेवतात. तिच्यात पाणी घालणं तेवढं बाकी राहतं. या कोरड्या आमटीला येसर म्हणतात. लातूर-नांदेडकडे चैत्र-वैशाखात पापड, कुरडया, खारवड्या, शेवया यांची घाई उडते आणि सगळ्यांची नजर बाजेवर पसरलेल्या त्या देखण्या मंडळींवर असते. येसर बाजेवर येतच नाही. चुलीवर भाजला जातो, दळला जातो आणि थेट डब्यात जाऊन बसतो. सालभराच्या बेगमीत मला सर्वांत हुशार पदार्थ वाटतो तो हाच.

त्याची घडण बघा. ज्वारी किंवा बाजरी, गहू, हरभऱ्याची दाळ, थोडी उडदाची दाळ, मूठभर तांदूळ हा पाया. त्यावर धणे, जिरे, मिरे, लवंग, तमालपत्र, दगडफूल, सुंठ, हळकुंड, लाल मिरची, हिंग आणि बेताचं सुकं खोबरं. प्रमाण घरागणिक वेगळं आणि प्रत्येक घराला आपलंच खरं वाटतं. एका गोष्टीवर मात्र दुमत नाही: प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा. ज्वारीचा दाणा तडतडून एखादी लाही उडेपर्यंत थांबावं लागतं, तेवढ्या वेळात जिरं केव्हाच काळं पडेल. दाळ आतपर्यंत खरपूस व्हायला मंद आच हवी, दगडफुलाला नुसती धग पुरते. सगळं एकदम कढईत टाकणाऱ्याचा येसर एकाच वेळी कच्चाही लागतो आणि करपलेलाही.

ही भाजणी चवीसाठी आहेच, पण टिकण्यासाठीही आहे. दाण्यातला ओलावा गेला की बुरशीला आणि किड्याला थारा उरत नाही. शिवाय भाजलेलं धान्य उकळत्या पाण्यात पिठल्यासारखं चिकट होत नाही, आमटीला नेमका दाटपणा देतं. म्हणजे टिकवण्याची युक्ती आणि चवीची युक्ती इथे एकच आहे. मिठाच्या भरवशावर टिकणाऱ्या लोणच्याबद्दल असं म्हणता येत नाही. तिथे टिकण्याची किंमत जिभेला मोजावी लागते.

आता वाटीतली आमटी. तेल जरा सढळ, ठेचलेला लसूण, कांदा. येसर आधी गार पाण्यात कालवायचा, नाहीतर गुठळ्या होतात. मग तो फोडणीत ओतून तवंग वर येईपर्यंत खळखळून उकळायचा. पहिल्या भुरक्याला दगडफुलाचा मातकट धुरकट वास येतो, मागून धण्याचा गोडवा, आणि घास उतरल्यावर मिऱ्याचा तिखटपणा घशात रेंगाळतो. तळाशी भाजक्या धान्याचा किंचित कडसर खमंगपणा असतो. चांगल्या येसरची ओळख मी त्या कडसरपणावरून करतो. शिजवलेल्या तुरीच्या वरणाचा मऊपणा इथे नाही. जिभेला बारीक रवाळ स्पर्श होतो. काळ्या मसाल्याशी त्याची तुलना करतात ती मला पटत नाही. मसाल्याला भाजी लागते, येसरला लागत नाही. भाजी नाही, दाळ शिजवायला वेळ नाही, सरपण ओलं आहे, अशा झडीच्या दिवसातही भाकर कुस्करायला काहीतरी गरम मिळतं.

आणि गंमत अशी, की अडचणीच्या दिवसाची ही आमटी लग्नाच्या पंगतीतही मानाने वाढली जाते. टंचाईचं अन्न म्हटलं की त्याला एक केविलवाणा वास येतो. 1972 च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसांच्या हातावर सुकडी पडली, घरात तांबडी मिलो ज्वारी आली. ज्यांनी ती खाल्ली त्यांतल्या फार थोड्यांनी पुढे ती हौसेने केली असेल. येसरचं तसं झालं नाही. अर्थात हेही खरं, की येसर भाजायला घरात धान्य लागतं. ज्याच्या कणगीचा तळ संक्रांतीलाच दिसतो, त्याला स्वयंपूर्ण जगण्याचे धडे कुणी देऊ नयेत.

साठवण घराच्याच आधाराने उभी असते, हेही या मुलखाने पाहिलं. दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवद, भिंतीत धान्याचं बळद: उन्हाळ्यात गार आणि धान्याला कोरडं असं हे घर होतं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरातल्या भूकंपात याच भिंती आणि हीच माळवदं माणसांवर कोसळली. सुमारे आठ हजार माणसं गेली. वर्षाची बेगमीही ढिगाऱ्याखाली गेली. त्या सकाळी उपयोगी पडलं ते दुसऱ्या गावाहून आलेलं अन्न.

पाण्याचा हिशेब वेगळाच. कुरडई आपण वाळवण म्हणून मिरवतो, पण तिच्याएवढी पाणीखाऊ दुसरी नसेल. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, चीक काढायचा, निवळ ओतून द्यायची. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेच्या दहा टाक्यांतून पाच लाख लिटर पाणी लातूरला आलं, तो नेमका कुरडयांचा हंगाम. घागरीसाठी रांग लावणाऱ्या घराने चीक कसा काढावा? येसर करायला मात्र थेंबभरही पाणी लागत नाही. ते लागतं खाण्याच्या दिवशी, आणि तेही पोटातच जातं. कुरडईवर माझा राग नाही, तळलेली समोर आली तर मी सोडत नाही. पण दुष्काळी मुलखाचा पदार्थ कोणता, असं विचारलं तर उत्तर देताना मी अडखळणार नाही.

हल्ली बचत गटांच्या बायका पाकिटांतून येसर विकतात. पुण्या-मुंबईत खोलीवर राहणाऱ्या पोरांची त्यावर सोय होते. काही पाकिटांत लवकर चव यावी म्हणून खोबरं जास्त ढकललेलं असतं, आणि नेमकं तेच आधी बिघडतं. धान्य वर्ष काढतं, खोबऱ्याचं तेल काढत नाही. दिवाळीनंतर पाकीट घेणार असाल तर दळल्याची तारीख बघा, आणि घरी आणल्यावर चिमूटभर तळहातावर चोळून वास घ्या. खवटपणा आला असेल तर कितीही लसूण घाला, तो लपत नाही.