‘मवाळ’ या विशेषणाचा न्याय : गोखले यांच्या कारकीर्दीची एक चिकित्सा

नामदार गोपाळ कृष्ण गोखले (१८६६–१९१५) यांच्या राजकीय कारकीर्दीचा निवाडा मराठीत पुष्कळदा एका विशेषणानेच उरकला जातो. ते विशेषण म्हणजे ‘मवाळ’. १९०७ साली सुरतेस राष्ट्रीय सभेत फूट पडली. त्या काळच्या वादांत ‘जहाल’ व ‘मवाळ’ ही जोडी रूढ झाली, आणि वाद शमल्यावरही ती इतिहासलेखनात टिकून राहिली. ‘जहाल’ हे विशेषण विषाला वा औषधाला लागते, ‘मवाळ’ हे स्वभावाला व बोलण्याला. दोन्ही शब्द वृत्ती सांगतात. धोरणाविषयी ते मुके आहेत. त्याच पक्षास लावला गेलेला ‘नेमस्त’ हा शब्द मात्र अधिक नेमका आहे. त्याच्या मुळाशी ‘नेम’ आहे; आखलेल्या मर्यादेत, मापाने चालणारा, असा त्याचा भाव. गोखल्यांचे सामर्थ्य आणि त्यांची उणीव ही दोन्ही या शब्दातच सापडतात.

सामर्थ्याचा पुरावा २६ मार्च १९०२ रोजी वरिष्ठ कायदेमंडळात झालेल्या अंदाजपत्रकावरील भाषणात मिळतो. सरकारी शिलकेबद्दल चाललेल्या अभिनंदनात सामील होण्यास गोखल्यांनी नकार दिला. ही शिल्लक रयतेच्या सुबत्तेची खूण नसून जादा करआकारणीचे फळ आहे, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडले आणि मिठावरील कर कमी करण्याची मागणी केली. मणामागे अडीच रुपये असलेला हा कर १९०३ मध्ये दोन, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपयावर आला. याचे सर्व श्रेय एकट्या गोखल्यांना देता येणार नाही. पण या युक्तिवादाला मवाळ म्हणणेही कठीण आहे.

उणीव दिसते ती १६ मार्च १९११ रोजी मांडलेल्या प्राथमिक शिक्षणाच्या विधेयकात. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना सक्तीचे शिक्षण द्यावे, परंतु ज्या क्षेत्रात ठरावीक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात असतील तेथेच, आणि तेही स्थानिक संस्थेची इच्छा व सरकारची मान्यता असेल तर, अशी त्याची रचना होती. सरकारला नाही म्हणण्यास जागा उरू नये म्हणून गोखल्यांनी ही बंधने स्वतःच घालून घेतली. तरीही १९ मार्च १९१२ रोजी विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले.

या दोन प्रयत्नांतील भेद राजधानीतून दिसत नाही. तो गोंडपिपरीसारख्या ठिकाणाहून दिसतो. वर्धा व वैनगंगा यांच्या मधला हा वनप्रदेश तेव्हा मध्यप्रांताच्या चांदा जिल्ह्यात होता. मराठी, गोंडी व तेलुगू या तिन्ही भाषांचा येथे शेजार आहे. मिठावरील कर उतरला की त्याचा लाभ येथील आठवडी बाजारापर्यंत पोहोचण्यास कोणाच्या अर्जाची गरज नव्हती. शिक्षणाचे विधेयक संमत झाले असते तरी त्याचा लाभ मात्र अटीवर अवलंबून राहिला असता. जेथे शाळाच विरळ, तेथे पटावरील मुलांचे प्रमाण भरणार कसे? आणि शाळेची भाषा घरच्या भाषेहून निराळी असलेल्या गोंड मुलाची वाट तर आणखीच लांबची. ज्यांना सक्तीची सर्वाधिक निकड, त्यांची पाळी सर्वांत शेवटी, असा या मापाचा परिणाम होता.

येथे गोखल्यांवर अन्याय होऊ नये. १९०६ साली बडोदे संस्थानभर सक्तीचे शिक्षण लागू करणाऱ्या सयाजीरावांच्या हाती राज्य होते. इटलीच्या एकीकरणाचा उदारमतवादी सूत्रधार काव्हूर हाही १८५२ पासून पीडमाँटचा पंतप्रधान होता. मराठी वाचकास मॅझिनी अधिक परिचित. सावरकरांनी त्याचे चरित्र १९०७ मध्ये मराठीत आणले. काव्हूरची रीत गोखल्यांना जवळची, पण त्याची सत्ता त्यांच्यापाशी नव्हती. त्यांच्या हाती होता केवळ युक्तिवाद. आणि मान्य होईल तेवढेच मागण्याची सवय युक्तिवादाला लवकर जडते.

सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यात पटाच्या प्रमाणाची अट नाही. गोखल्यांचे उद्दिष्ट त्यांच्या मापाहून मोठे होते, हेच त्यावरून सिद्ध होते. त्यांची चिकित्सा करावयाची तर त्यांच्या स्वराची नव्हे, या मापाची करावी.