मंडळीचा इतिहास : स्मरणिका आणि नोंदवही

आपल्याकडे मंडळीचा इतिहास बहुधा सुवर्णमहोत्सवाच्या वा शताब्दीच्या निमित्ताने लिहिला जातो. अशा स्मरणिका चाळल्या असता त्यांची ठेवण एकाच साच्याची असल्याचे ध्यानात येते : शुभसंदेश, आद्य मिशनरींचे चरित्र, कोनशिलेचा समारंभ, पाळकांची यादी आणि शेवटी देणगीदारांची नावे. इतिहास म्हणून हे लेखन अपुरे आहे, असे नम्रपणे परंतु स्पष्टपणे म्हणावे लागते. ज्यांची मिळून मंडळी झाली, ती माणसे त्यात क्वचितच भेटतात. ती असतात बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदवह्यांत; आणि त्या वह्या स्मरणिकाकार सहसा उघडीत नाही.

इंग्लंडात लहानशा पॅरिशचाही इतिहास लिहिता येतो, तो याच वह्यांच्या बळावर. तेथे १५३८ साली टॉमस क्रॉमवेल यांच्या आज्ञेने नोंदी सुरू झाल्या. १८१३ पासून छापील नमुन्यात मुलाच्या बापाचा धंदाही लिहिला जाऊ लागला. त्यामुळे लोहार व शेतमजूर इतिहासात आले. कॅथोलिक मंडळीतही ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ साली विवाहनोंद बंधनकारक केली.

आता बेज्जूरकडे पाहू. प्राणहितेच्या अलीकडचे हे गाव निजामाच्या राज्यात होते. १९५६ साली ते आंध्र प्रदेशात, २०१४ साली तेलंगणात गेले आणि २०१६ साली आदिलाबाद जिल्ह्यातून निघून कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आले. धर्मप्रांतांच्या सीमाही स्थिर राहिल्या नाहीत : सिरो-मलबार मंडळीचा आदिलाबाद धर्मप्रांत १९९९ साली चांदा धर्मप्रांतातून वेगळा झाला. म्हणजे गाव न सोडताही एका कुटुंबाचा पत्ता चार-पाच प्रकारे लिहिला जाऊ शकतो. त्यात मराठी, तेलुगू, उर्दू व गोंडी अशा भाषांचा संगम. एकच नाव दोन लिप्यांत दोन रूपे घेते. येथे नोंद ढिलाईने केली, तर नातवाला आजोबा सापडणार नाही.

शिवाय वंशावळ जपणे हे काही आपण या भूमीला प्रथम शिकवले नाही. गोंडांच्या कुळकथा किंगरीवर गाणारे परधान येथे पूर्वीपासून आहेत. आदिलाबादच्या गोंडांवर हायमेनडॉर्फ यांनी १९४८ साली ग्रंथ प्रसिद्ध केला, तो लिहिताना त्यांनी या गायकांकडे आदराने लक्ष दिले. आपल्या स्मरणिकांनी बाप्तिस्म्यापूर्वीचा काळ मात्र ‘अंधार’ या एका शब्दात उरकला. ही उणीव केवळ माहितीची नाही, ती दृष्टीची आहे.

तथापि नोंदवहीचीही भाबडी स्तुती नको. बाप्तिस्म्याच्या वेळी केवळ नवे नाव लिहिले, तर पूर्वजांशी असलेला दुवा आपल्याच लेखणीने तुटतो. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशानुसार ख्रिस्ती दलित त्या सवलतींस पात्र नाहीत. अशा वादात बाप्तिस्म्याची नोंद पुरावा म्हणून पुढे येते. जी ओळ आपण कृपेची साक्ष म्हणून लिहितो, तीच कचेरीत हक्काआड येते. म्हणून पाळकाने खोटे लिहावे असे नव्हे. परंतु आपण काय लिहितो याचे भान त्याला हवे.

पवित्र शास्त्रातही हा ताण आहे. एज्राच्या दुसऱ्या अध्यायात वंशावळीत नाव न सापडलेले याजक सेवेबाहेर ठेवले गेले. तीमथ्याला लिहिताना पौल वंशावळींच्या अंतहीन वादापासून सावध करतो. आणि तरीही मत्तय आपले शुभवर्तमान वंशावळीनेच उघडतो. तामार, राहाब, रूथ व उरीयाची पत्नी यांना त्यातून गाळीत नाही. एज्राच्या यादीने दार लावले, मत्तयाच्या यादीने ते उघडले. आपली वही कोणत्या यादीसारखी व्हावी, हे प्रत्येक सेवकाने ठरवावे.

पुढील स्मरणिकेस आरंभ करण्यापूर्वी जुनी वही उघडावी. पूर्वीचे नाव, आईचे नाव, गाव व त्या वेळचा तालुका ही माहिती नोंदीत असावी. वहीची दुसरी प्रत अन्यत्र सुरक्षित ठेवावी. आणि मंडळीतील सर्वांत वृद्ध बाईजवळ बसून ती नावे मोठ्याने वाचावीत. जे वहीत नाही, ते ती सांगेल.