‘विनयभंग’ आणि ‘लैंगिक छळ’ : दोन संज्ञांची चिकित्सा

कामाच्या ठिकाणी स्त्रीला सोसाव्या लागणाऱ्या एका जुन्या अन्यायास मराठीत दीर्घकाळ स्वतंत्र नाव नव्हते. बोलण्यात तो ‘थट्टा’ अथवा ‘चावटपणा’ ठरे, न्यायालयात ‘विनयभंग’. ही संज्ञा 1860 च्या भारतीय दंडसंहितेतील 354 व्या कलमाच्या अनुषंगाने रूढ झाली. समास षष्ठी तत्पुरुष आहे : विनयाचा भंग. भंगतो तो स्त्रीचा गुण. भंग करणाऱ्याचा निर्देश समासात नाही. साहजिकच चौकशीचा रोख कृत्यावरून स्त्रीच्या शीलाकडे वळतो.

या संज्ञेची मर्यादा पंजाबातील एका खटल्यात उघड झाली. साडेसात महिन्यांच्या बालिकेस ‘विनय’ असू शकतो काय, असा प्रश्न तेथे उपस्थित झाला. उच्च न्यायालयाने नकारार्थी उत्तर दिले. सर्वोच्च न्यायालयाने 1966 मध्ये बहुमताने ते फिरविले. निकाल न्याय्यच होता. परंतु त्यासाठी शब्दाचा अर्थ रूढार्थापासून पुष्कळ दूर न्यावा लागला.

1997 च्या ‘विशाखा’ निकालाने भूमिकाच पालटली. वर्तन स्त्रीला नकोसे होते काय, ही कसोटी ठरली. शीलाच्या जागी समतेचा व प्रतिष्ठेने काम करण्याच्या हक्काचा विचार आला. 2013 च्या अधिनियमाने ही कसोटी स्वीकारून नकोसा स्पर्श, शरीरसुखाची मागणी, लैंगिक शेरे, अश्लील चित्रे दाखविणे ही कृत्ये स्पष्टपणे नमूद केली.

तथापि ‘लैंगिक छळ’ ही संज्ञाही सर्वथा निर्दोष नाही. मराठीत ‘छळ’ या शब्दात सातत्य अभिप्रेत असते; सासरचा छळ एका दिवसाचा नसतो. अधिनियमास मात्र एक कृत्यही पुरेसे आहे. ‘एकदाच घडले, त्यास छळ कसे म्हणावे?’ असे मानून जी गप्प राहते, तिची तक्रारीची तीन महिन्यांची मुदत निघून जाण्याचा संभव असतो. समितीस ती आणखी तीन महिने वाढविता येते; पण त्यासाठी तक्रार तिच्यापुढे यावी लागते.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही विनयभंग (कलम 74) व लैंगिक छळ (कलम 75) शेजारी शेजारी नांदत आहेत. म्हणून कार्यालयातील फलकावर केवळ संज्ञा लिहून भागणार नाही. कोणते वर्तन निषिद्ध आहे, ते एकदा घडले तरी तक्रार करता येते आणि ती कोणाकडे करावी, हे साध्या मराठीत लिहिले पाहिजे. प्रतिबंधाचा आरंभ तेथूनच होतो.