न काढलेल्या धावांची दुपार

धावफलकावरची नोंद एवढीच आहे: हनुमा विहारी, नाबाद २३, चेंडू १६१. ज्याला क्रिकेट कळत नाही त्याला ही खेळी नापास वाटेल, ज्याला थोडंफार कळतं त्याला कंटाळवाणी. पण ११ जानेवारी २०२१चा सिडनीतला तो सोमवार ज्यांनी इथे पहाटे उठून शेवटपर्यंत पाहिला, त्यांना त्या १६१ मधले कितीतरी चेंडू वेगवेगळे आठवतात. माझ्या मते भारताच्या त्या ऑस्ट्रेलियातल्या मालिकेतलं सर्वांत श्रीमंत सत्र त्याच दुपारचं. ब्रिस्बेनच्या गब्बा मैदानावरच्या विजयाचे व्हिडिओ लोक अजून पाहतात, सिडनीच्या त्या दुपारचे फारसे कुणी पाहत नाही. तटवलेल्या चेंडूचा तुकडा कापून दाखवता येत नाही. त्याच्या आधीचे आणि नंतरचे चेंडूही पाहावे लागतात.

पार्श्वभूमी थोडक्यात. अॅडलेडला ३६ धावांत गारद, कोहली मायदेशी परतलेला, मेलबर्नला रहाणेच्या ११२ धावांनी बरोबरी. सिडनीत जिंकायला ४०७ हव्यात, पाचव्या दिवसाची सुरुवात २ बाद ९८ वर आणि ड्रेसिंग रूमचं जणू इस्पितळ झालेलं. जडेजाचा अंगठा गेलेला, पंतच्या कोपराला मार बसल्यामुळे दुसऱ्या डावात यष्टींमागे साहा. दिवसाच्या दुसऱ्याच षटकात ऑस्ट्रेलियाचा फिरकी गोलंदाज लायनने रहाणेला शॉर्ट लेगला झेलबाद केलं. कर्णधार ४ धावांवर परतला तेव्हा उरलेला दिवस कसा काढायचा, एवढाच प्रश्न होता.

आणि आला पंत. विहारीच्या आधी त्याला पाठवणं ही त्या दिवसाची पहिली मोठी चाल. रहाणेच्या बॅटने त्या दिवशी काही दिलं नाही, पण या एका निर्णयाचं माप त्याच्या पदरात टाकायला हवं. डावखुऱ्या फलंदाजासमोर लायनला आपली दिशा पुन्हा जुळवावी लागली, आणि ती जुळेपर्यंत पंत पुढे सरसावून त्याला लाँगऑनकडे उचलू लागला होता. ३ आणि ५६ वर त्याचे झेल यष्टिरक्षक पेनने सोडले, हे खरं. नशिबाचा वाटा लपवण्याचं कारण नाही. ११८ चेंडूंत ९७. शतकाला तीन धावा हव्या असतानाही त्याने लायनला मोठा फटकाच मारायला घेतला आणि बॅकवर्ड पॉइंटला कमिन्सच्या हाती गेला. त्या फटक्यावर पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली. मला ती पटत नाही. शतकासाठी सावध होणारा पंत त्या सकाळी कुणालाच घाबरवू शकला नसता. त्याने जे साधलं ते धावांपेक्षा मोठं होतं: ज्या क्षेत्ररक्षकांनी फलंदाजाभोवती कडं करायचं, त्यांना त्याने सीमारेषेवर पांगवलं. भारत जिंकू शकतो ही शंका ऑस्ट्रेलियाच्या मनात शिरली, आणि समोर पुजाराला त्याचे २०५ चेंडू निवांत खेळता आले.

हेझलवूडच्या चेंडूने पुजाराचा ऑफ स्टंप हलवला तेव्हा ५ बाद २७२. त्याच्या ७७ धावा संपल्या आणि विजयाचा विषयही. खरा खेळ इथून सुरू होतो.

एक धाव चोरायला धावताना विहारीच्या मांडीमागचा स्नायू दुखावला. अश्विनची पाठ आदल्या रात्रीपासून धरलेली, बुटाची नाडी बांधायलाही वाकता येईना. एकाला पुढे पाय टाकता येत नाही, दुसऱ्याला खाली वाकता येत नाही. मग जोडीने हिशेब मांडला तो असा: फिरकीला पुढे पाय टाकून खेळायचं, ते अश्विन करील. वेगवान गोलंदाजी मागच्या पायावर उभं राहून तोलायची, ते विहारी करील. दोघांची दुखणी एकमेकांना पूरक निघाली! अर्थात वाटणी काटेकोर पाळता आली नाही. कमिन्सचे उसळते चेंडू अश्विनने अंगावर घेतलेच. मध्ये शार्दूल ठाकूर आतून निरोप घेऊन धावत आला आणि म्हणाला, सांगायला बरंच सांगितलंय, पण मी काही सांगत नाही, तुम्ही खेळताय तसंच खेळा. ही गोष्ट पुढे अश्विननेच सांगितली. पालघरहून लोकलने ये-जा करत मुंबई क्रिकेटमध्ये वाढलेल्या पोराचं हे शहाणपण मला फार आवडतं.

विहारीची बॅट पाहा. चेंडू आला की ती पॅडला लागून, सरळ, आणि हात इतके सैल की चेंडू पायाशीच पडतो. स्लिपपर्यंत जाण्याइतका जीव त्यात उरत नाही. ऑफ स्टंपच्या वीतभर बाहेरचा चेंडू तो सोडतो, तेव्हा बॅट आत घेण्याची घाई नसते. आधीच ठरलेलं असतं की हा आपला नाही. बचाव भेदरलेला असला की फलंदाज चेंडूकडे जातो, इथे चेंडू त्याच्याकडे येईपर्यंत तो थांबतो. ज्या चिवटपणाला मुंबईच्या मैदानांवर कौतुकाने खडूस म्हणतात, तो त्या दुपारी काकीनाडा आणि चेन्नईच्या पोरांनी खेळून दाखवला, ही गंमत दादरकरांनी मोठ्या मनाने मान्य करावी.

आणखी एक. पहिल्या डावात भारताचे तिघे धावबाद झाले होते, आणि त्यांत विहारी आणि अश्विन दोघेही होते. शेवटच्या डावात त्याच दोघांना धावताच येत नव्हतं, म्हणून ती वाट आपोआप बंद झाली.

चहापानानंतर धावा फक्त ५४, बळी एकही नाही. जोडीने जवळपास ४३ षटकं काढली. अश्विन यष्टींजवळच्या मायक्रोफोनमध्ये तमिळमध्ये विहारीला दहा-दहा चेंडूंचा हिशेब सांगताना ऐकू येत होता, आणि पेन इंग्रजीत अश्विनला डिवचताना. गब्बाला ये, मग बघतो, असा त्याचा सूर. अश्विननेही तुम्ही भारतात या म्हणत परतफेड केली. तोंड चालू असताना हात मात्र चुकत होते: अखेरच्या काही षटकांत स्टार्कच्या चेंडूवर विहारीचा झेलही पेनने सोडला. एक षटक शिल्लक असताना पेननेच हस्तांदोलनासाठी हात पुढे केला. ५ बाद ३३४, अनिर्णित. दुसऱ्या दिवशी आपल्या वागण्याबद्दल त्याने माफीही मागितली.

गब्बाला अश्विन गेलाच नाही, विहारीही नाही. दोघेही जायबंदी. ऑस्ट्रेलिया जिथे १९८८ नंतर हरला नव्हता, तिथे १९ जानेवारीला भारताने ३२८ धावांचा पाठलाग पुरा केला, तोही पंतच्या नाबाद ८९ धावांवर. अश्विनला गब्बावर बघून घेण्याची पेनची हौस मात्र त्या मालिकेत राहूनच गेली.